पडलो होतो, झोपलो नव्हतो

मीटिंगच्या टेबलावर एक बूट होता. डाव्या पायाचा, ओला, चिखलाने माखलेला. उजवा अजून कालव्यातच होता.

बूट ठेवणाऱ्या बाईंचं नाव इनेके. त्यांचे वडील, मेनेर हेंक, लायडस्खेनडामच्या एका वृद्धनिवासात राहतात. मेनेर म्हणजे आपल्याकडचं 'राव'. आदल्या दिवशी सकाळी हे हेंकराव सायकल चालवता चालवता झोपले आणि सायकलसकट कालव्यात गेले. काठाशी पाणी कमरेइतकंच होतं, म्हणून नुकसान एका बुटावर भागलं.

"माझे वडील गेले कित्येक आठवडे झोपलेले नाहीत," इनेके म्हणाल्या. "हे मी म्हणत नाही. तुमचं मशीन म्हणतंय."

टेबलाच्या या बाजूला मी आणि माझी बॉस मारिके. मशीन आमच्या कंपनीचं. त्यातला झोप ओळखणारा भाग माझा. म्हणजे एका अर्थी बाई माझ्या कामाचाच दाखला देत होत्या. मी मान किंचित झुकवून तो स्वीकारला. पुढे जे झालं ते पाहता ती मान तशीच ठेवली असती तर बरं झालं असतं.

आधी मशीन काय ते सांगतो. द हेगमधल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही एक पट्टी बनवतो. दिसायला साडीच्या फॉलसारखी. ती गादीखाली घालायची. तिला कॅमेरा नाही, माइक नाही. तिला फक्त थरथर कळते. छातीचे ठोके, श्वास, कूस बदलणं. त्यावरून आमचं सॉफ्टवेअर ठरवतं की माणूस झोपलाय की जागा आहे. म्हाताऱ्या माणसांची झोप ओळखणं कठीण असतं. ती उथळ होते, तुकड्या-तुकड्यांनी येते, रात्रीची दिवसात सांडते. वृद्धनिवासात रात्रपाळीला माणसं कमी. म्हणून एखादे आजोबा बराच वेळ अंथरुणात जागे दिसले की पट्टी नर्सच्या फोनवर इशारा देते. नर्स जाऊन विचारते, पाणी हवंय का, काही दुखतंय का. कल्पना चांगली होती. वेबसाइटवर तर फारच चांगली दिसायची.

"सायकलची किल्ली मी काढून घेतलीय," इनेके म्हणाल्या. "महिनाअखेरपर्यंत ते नीट झोपतात असं रिपोर्टमध्ये दिसलं, तर परत देईन. नाही तर सायकल विकणार. आणि हाउसआर्ट्सना सांगून गोळ्या सुरू करणार."

हाउसआर्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. त्याच्याकडे मोडलेलं हाड घेऊन गेलात तरी तो पॅरासिटामॉल घ्या आणि आठवडाभर वाट पाहा म्हणतो. अशा माणसाकडे झोपेच्या गोळ्या मागायची वेळ आली म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्या गोळ्या घेऊन म्हातारी माणसं अर्धवट गुंगीत उठतात आणि पडतात. आमची पट्टी निघाली होती ती हे टाळायलाच.

मेनेर हेंक स्वतः कोपऱ्यात बसले होते, कुणाच्या तरी उसन्या सपाता घालून. शहाऐंशी वर्षांचा धिप्पाड माणूस. नोकरी सगळी कालव्यावरच्या लॉकवर गेलेली. लॉक म्हणजे बोटींना वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवणारे दरवाजे. आता ते दरवाजे दुरून, कॅमेऱ्यावर बघून चालवतात. हेंक रोज सकाळी सायकलवरून तिथे जायचे आणि कॅमेऱ्याकडे हात करून, काय चुकतंय ते ओरडून सांगायचे. ऐकणारं कुणी नव्हतं. पण सायकल गेली तर सांगणारंही कुणी उरणार नव्हतं.

"मी झोपतो," हेंक म्हणाले. "उत्तम झोपतो. पण दर रात्री कुणीतरी येऊन मला उठवतं आणि विचारतं, तुम्हाला झोप येत नाहीये का?"

इथे मी तज्ज्ञ म्हणून बोलायचं ठरवलं.

"मेनेर हेंक, या वयात आपण झोपलो होतो की नाही, हे माणसाला नीट कळत नाही. असं होतं. यात तुमचा दोष नाही."

यातलं अर्धं खरं आहे. रात्रभर छान झोपलेली माणसंसुद्धा सकाळी शपथेवर सांगतात की डोळ्याला डोळा लागला नाही. पण अर्धं खरं ठामपणे बोललं की ते पूर्ण खोट्यापेक्षा जास्त पटतं.

"तुझं वय काय?" हेंकनी विचारलं.

"बेचाळीस."

"तुला कळतं, तू कधी झोपतोस ते?"

"हो."

"मग आत्ता जागा हो."

मारिकेने खोकल्याच्या आडून हसू लपवलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मिलिंद, तिकडे जा. त्यांच्या खोलीत बस आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

मी गेलो. दुपारच्या जेवणानंतरची वेळ. हेंक पलंगावर उताणे पडलेले, तोंड उघडं, आणि घोरणं असं की कपाटातले हँगर एकमेकांना लागून वाजत होते. मी दाराबाहेरच्या स्क्रीनवर पाहिलं. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: जागे.

मी पुन्हा आत पाहिलं. पुन्हा स्क्रीन पाहिली. तेवढ्यात शांतीचा फोन वाजला.

शांती तिथली सीनियर नर्स. जन्म सुरिनामचा, पणजोबा बिहारकडचे. माझ्याशी ती तिच्या पद्धतीचं हिंदी बोलते, आणि मला भैया म्हणते. फोन हातात घेऊनच ती लगबगीने आली.

"थांब," मी म्हणालो. "हे झोपलेत."

"स्क्रीन तो बोलता है, जागे हैं."

"अगं, पण घोरतायत ते! सुनाई दे रहा है ना?"

"सुनाई तो रोज देता है, भैया. ट्रेनिंग में आप ही बोले थे, अपनी आँख-कान पर नहीं, पट्टी पर भरोसा करो."

मी बोललो होतो. शिवाय पीपीटीत एक स्लाइडच होती तशी, बाणबिण काढून.

शांतीने हेंकना खांद्याला धरून हलवलं. "मेनेर हेंक! मेनेर हेंक! झोप येत नाहीये का?"

हेंकनी एक डोळा उघडला. तो शांतीवरून सरकत माझ्यावर आला.

"हा तोच ना?"

"तोच," शांती म्हणाली.

"याला कालव्यात टाका."

ऑफिसात परतलो आणि हेंकच्या पट्टीचा कच्चा सिग्नल उघडला. कच्चा म्हणजे सॉफ्टवेअरने निकाल द्यायच्या आधीचा, नुसत्या थरथरीचा आलेख. एक मोठी लाट, तिच्यामागे दुसरी, मग एक पोकळी. इतकी लांब की बघणाऱ्याचा जीव वर-खाली व्हावा. आणि मग गाडीने गिअर बदलावा तसा एक धक्का.

ही चाल मी ओळखत होतो. लहानपणापासून ओळखत होतो. हे बाबांचं घोरणं होतं.

आता थोडं मागे जावं लागेल. सॉफ्टवेअरला झोप शिकवायची म्हणजे लहान मुलाला अक्षरं शिकवण्यासारखं असतं. हा 'क', हा 'ख'. तसं, ही थरथर म्हणजे झोप, ही म्हणजे जाग. प्रत्येक तुकड्यावर माणसाने एक शिक्का मारायचा, त्याला आम्ही लेबल म्हणतो. तरुणांच्या झोपेची लेबलं आमच्याकडे भरपूर होती. म्हाताऱ्यांची, त्यातही दुपारच्या झोपेची, फार थोडी. गेल्या वर्षी मारिके म्हणाली, कुणी वयस्कर व्हॉलंटियर मिळतो का बघ. ओळखीचे सगळे डच आजी-आजोबा कॅरॅव्हॅन घेऊन फ्रान्सला गेलेले. माझ्याकडे मात्र अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले सत्त्याहत्तर वर्षांचे वडील आयतेच होते. जेवले की पडत. रोज. न चुकता.

बाबा बार्शीच्या एका हायस्कूलचे निवृत्त पर्यवेक्षक. पर्यवेक्षकाचं काम काय, तर मधल्या सुट्टीनंतर, पाचव्या तासाला, व्हरांड्यातून पावलं न वाजवता फिरायचं आणि वर्गात पेंगणारे मास्तर पकडायचे. आख्खी नोकरी त्यांनी हे व्रत म्हणून केलं. त्यांच्या लेखी दिवसा झोपणं हा नैतिक प्रश्न आहे. "दिवसा झोपतो त्याच्या घरी लक्ष्मीसुद्धा जांभया देते," हे वाक्य मी इतकं ऐकलंय की मला अजून दुपारी आडवं होताना इकडेतिकडे बघावंसं वाटतं.

तर बाबा पट्टीवर आडवे व्हायचे. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचो. भिंत थरथरायची. मग ते उठून चष्मा चाचपायचे आणि मी विचारायचो,

"बाबा, झोप लागली होती?"

"छे! पडलो होतो नुसता."

मी लेबल मारायचो: जागे.

तुम्ही म्हणाल, कानाने घोरणं ऐकत असताना? हो. तुमच्यापैकी ज्यांचे वडील शाळेत होते त्यांना हे समजावून सांगायला नको. ज्या माणसासमोर मी अजून पायावर पाय टाकून बसत नाही, त्याला तोंडावर 'तुम्ही झोपला होता' म्हणायचं? हा निर्णय शास्त्रीय नव्हता, कौटुंबिक होता. त्याला मी तेव्हा 'व्हॉलंटियरच्या स्वतःच्या जबानीचा आदर' असं भारदस्त नाव दिलं होतं.

सॉफ्टवेअर मुकाट्याने शिकलं. म्हातारा पुरुष, उताणा, संथ श्वास, पोकळी, मग धक्का: हा माणूस टक्क जागा आहे. त्याची परीक्षा घ्यायला म्हणून मी जी वेगळी दुपार राखून ठेवली होती, तीही बाबांचीच. ज्या मास्तरांनी शिकवलं, त्यांनीच पेपर काढला आणि त्यांनीच तपासला. निकाल अर्थातच झकास लागला. मारिकेने अ‍ॅपल टार्ट आणला होता. मी दोन तुकडे खाल्ले.

त्या वृद्धनिवासात बाकी बहुतेक आज्या. त्या कुशीवर झोपतात, हलक्या घोरतात, त्यांचं सगळं पट्टी बरोबर ओळखत होती. त्या आख्ख्या इमारतीत थेट बार्शी पद्धतीने झोपणारा माणूस एकच, तो म्हणजे हेंक. त्यांना गाढ झोप लागायची, की पट्टी म्हणायची जागे. की नर्स जाऊन उठवायची. महिनाभर आम्ही एका झोपलेल्या माणसाला, त्याला झोप लागावी म्हणून, जागं करत होतो. त्याचा परिणाम ज्या बुटावर झाला, तो मारिकेने खिडकीत वाळत ठेवला होता. माझ्या टेबलासमोर.

मी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू घोरणं ऐकलंस," ती म्हणाली.

"हो."

"आणि 'जागे' लिहिलंस."

"ते म्हणाले, झोपलो नव्हतो."

"पण तू ऐकलंस ना घोरणं?"

"मारिके, ते माझे वडील आहेत."

"मी माझ्या वडिलांना दर रविवारी सांगते की तुमचं चुकतंय."

"ते रागावत नाहीत?"

"रागावतात. मग काय?"

हा आमच्या दोघांच्या बालपणातला फरक होता. मी म्हणालो, "मी आज बसून सगळी लेबलं बदलतो."

"नाही. आधी तू आदरापोटी लिहिलंस, आता भीतीपोटी लिहिणार. लेबल बदलायचं तर व्हॉलंटियरने स्वतः सांगायला हवं. नाही तर साक्षीदारासमोर पुन्हा रेकॉर्डिंग. बाहेरचा साक्षीदार. तू नाही."

सुदैवाने आई-बाबा त्या वेळी पुन्हा आमच्याकडेच होते. संध्याकाळी चहाच्या वेळी मी विषय काढला.

"बाबा, गेल्या वर्षी ती पट्टी लावली होती ना, तेव्हा दुपारी तुम्हाला कधी अगदी किंचितसा डोळा लागला असेल का?"

"नाही."

"एखाद-दोन मिनिटं?"

"अरे, मला आजूबाजूचं सगळं ऐकू येत असतं. नुसते डोळे मिटलेले असतात."

"पण घोरण्याचा आवाज..."

"वरचे लोक ड्रिलिंग करतात."

आमच्या वर गच्ची आहे. मी आईकडे वळलो. "आई, तू सांग."

आई मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही. "ते नाही म्हणाले ना? मग नाही."

स्वयंपाकघरात गाठून मी तिला पुन्हा विचारलं. ती हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, ते झोपलेले नसतात, म्हणून मी दुपारी टीव्ही मोठ्याने लावू शकते. एकदा का झोपतात असं ठरलं, की माझी मालिका बंद. मला यात ओढू नकोस."

राहिला मार्ग रेकॉर्डिंगचा. बाबांना म्हणालो, तुम्ही झोपत नाही हे ऑफिसातल्या लोकांना पटत नाहीये. ते लगेच उठले. "कुठे यायचं सांग. सिद्ध करतो."

वृद्धनिवासात हेंकच्या खोलीत दुसरा पलंग टाकला. त्याखालीही पट्टी. साक्षीदार मारिके. इनेके आपणहून आल्या, कारण निकालावर सायकल अवलंबून होती. आणि बाबांना काही झालं तरी डोळा लागावा म्हणून मी आईकडून एक शास्त्रीय साधन तयार करून घेतलं होतं: पुरणपोळी. वर साजूक तूप, सोबत थर्मासमध्ये कटाची आमटी. आईला कशासाठी ते सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नाही, पण तुपाची बरणी मात्र मोठी दिली.

दुपारी पाव आणि चीज एवढ्यावर भागवणाऱ्या देशात पुरणपोळी काय करू शकते याचा मला अंदाज नव्हता. हेंकनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि दुसरी मागितली. मारिके म्हणाली, "यात काय आहे?" मी म्हणालो, "डाळ." "म्हणजे पौष्टिक," असं म्हणून तिने तिसरी घेतली. इनेकेंनी अर्धीच खाल्ली. त्यांचं लक्ष नव्हतं.

जेवण झाल्यावर बाबा ताठ चालत पलंगाकडे गेले, मनगटावरचं घड्याळ काढलं, आणि व्हरांड्यात उभे असल्यासारखे आडवे झाले. शेजारी हेंक. दोघांनी एकमेकांना मान लवून नमस्कार केला. मारिके खुर्चीत, मांडीवर टॅब्लेट. मी आणि शांती दाराशी.

आधी हेंक सुरू झाले. मग बाबा. थोडा वेळ दोघं आपापल्या तालात होते, मग एकत्र आले. एक लाट, दुसरी लाट, पोकळी. त्या पोकळीत इनेकेंनी श्वास रोखल्याचं मला दिसलं. मग दोन्हीकडून एकदम धक्का. हँगर वाजले. स्क्रीनवर दोन्ही नावांपुढे हिरवी अक्षरं: जागे. जागे.

शांतीचा फोन वाजायला लागला. तिने तो बंद करून खिशात टाकला आणि मला म्हणाली, "आज पट्टी पर भरोसा नहीं, भैया."

इनेके स्क्रीनकडे बघत होत्या. मग वडिलांकडे. मग माझ्याकडे. त्यांना सगळं समजलं होतं. डच माणसं अशा वेळी जे बोलतात ते त्या बोलल्या. मी इथे देत नाही.

"मारिके," मी वळून म्हणालो, "पाहिलंस ना?"

मारिकेची हनुवटी छातीला टेकली होती. टॅब्लेट मांडीवरून हळूहळू निघाला होता. तो जमिनीवर पडला, आणि त्या आवाजाने तिघंही एकदम उठले.

"मी विचार करत होते," मारिके म्हणाली.

"मी नुसता पडलो होतो," बाबा म्हणाले.

"मी डोळ्यांना विश्रांती देत होतो," हेंक म्हणाले.

इनेकेंनी हात वर केले. "बघा! बघा हे! मशीन खोटं बोलतं आणि हेही खोटं बोलतात. रात्री मी झोपतो असं सांगणारा माणूस हाच ना? मी कुणाच्या भरवशावर किल्ली देऊ?"

खरं होतं ते. रेकॉर्डिंगही फुकट गेलं होतं, कारण साक्षीदारच झोपला होता. इनेकेंची साक्ष चालणार नव्हती, त्या हेंकच्या घरच्या. शांती मला भैया म्हणायची, म्हणजे तीही घरचीच धरली गेली. 'मी झोपले होते' असं मारिके लिहून देणार नव्हती. नवं रेकॉर्डिंग, नवा साक्षीदार, यात महिना संपला असता. आणि इनेके खोलीच्या कोपऱ्यात जाऊन फोनवर कुणाला तरी सायकलचं मॉडेल सांगू लागल्या.

हेंक पलंगाच्या कडेला बसून होते. पहिल्यांदाच ते शहाऐंशी वर्षांचे दिसत होते.

बाबांनी घड्याळ बांधलं. मग आपल्या पर्यवेक्षकी इंग्रजीत हेंकना विचारलं, "व्हॉट इज द मॅटर?"

"माय बाइक," हेंक म्हणाले. "शी टुक द की."

बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "माय सन ऑल्सो."

हेंकनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी बाबांनी बार्शीत स्कूटर टोमॅटोच्या हातगाडीवर घातली. कुणाला लागलं नाही, टोमॅटो सोडून. मोतीबिंदू पिकला होता. मी तेव्हा तिथेच होतो. किल्ली काढून घेतली, आणि बार्शीत ठेवली तर कुणीतरी पाघळून देईल म्हणून खिशात घालून विमानाने इकडे आणली. पुढे ऑपरेशन झालं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चालवा म्हणून सांगितलं, तरी किल्ली मी दिली नाही. बार्शीच्या स्कूटरची किल्ली अ‍ॅमस्टेलव्हीनच्या स्वयंपाकघरात, रबरबँडच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. बाबा रोज चहा करताना तो ड्रॉवर उघडत, रबरबँड घेत, आणि बंद करत. कधी एक शब्द बोलले नाहीत.

"मिलिंद," बाबा मराठीत म्हणाले, "मी झोपलो होतो असं लिहिलं, तर या गृहस्थाला किल्ली मिळेल?"

"मशीन सुधारता येईल. रात्री त्यांना उठवणं थांबेल. मग दिवसा पेंगणार नाहीत. मग मिळेल."

"आणि ते मी स्वतः सांगायला हवं."

"हो."

त्यांनी सदरा नीट केला. खिडकीपर्यंत गेले, परत आले. मी त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलायच्या आधी असं फिरताना पाहिलंय.

"लिही," ते म्हणाले. "गेल्या वर्षीच्या सगळ्या दुपारी. झोपलो होतो."

मारिकेला मी भाषांतर करून सांगितलं. ती उठून उभी राहिली. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आणि आजचं?" मी विचारलं.

बाबांनी मला पाचव्या तासाच्या नजरेने पाहिलं.

"आज पडलो होतो."

मग थोडं थांबून, "आणि माझी किल्ली त्या रबरबँडमधून काढ."

बाकीचं पटापट झालं. लेबलं बदलली. सॉफ्टवेअरला पुन्हा शिकवलं, आणि परीक्षेला या वेळी भलत्याच लोकांची झोप घेतली. हेंकच्या रात्री स्क्रीनवर झोपेच्या निळ्या रंगाने भरून निघाल्या. शांतीचा फोन गप्प झाला. महिनाअखेरीला इनेकेंनी किल्ली परत दिली. सोबत एक भडक नारिंगी जाकीट, घातलंच पाहिजे अशा अटीवर. हेंक आता ते घालून लॉकवर उभे राहतात, त्यामुळे कॅमेऱ्यावर बसणाऱ्यांना ते अधिक स्पष्ट दिसतात. गोळ्यांचा विषय हाउसआर्ट्सने आनंदाने सोडून दिला.

एक बदल मारिकेने स्वतः सुचवला. झोप आणि जाग यांच्यामध्ये आम्ही एक तिसरं लेबल घातलं. दुपारी माणूस स्वच्छ झोपलेला असला, की नर्सच्या स्क्रीनवर 'झोप' दिसते आणि त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर 'विश्रांती'. तेव्हापासून एकाही आजोबांची तक्रार नाही. कोडमध्ये त्या लेबलचं नाव 'पडलो' आहे. नवे डच इंजिनिअर ते 'पाड्लो' असं वाचतात आणि कुठल्या तरी इटालियन शास्त्रज्ञाचं नाव असावं असं समजतात. मी समजू देतो.

या सगळ्यातून मी एकच धडा घेतला: साक्षीदार निवडताना, ज्याला आपण 'खोटं बोलताय' म्हणू शकतो असा निवडावा. आपल्याकडे असा माणूस घरात सापडत नाही, बाहेरून आणावा लागतो.

आई-बाबा बार्शीला परतले. मागच्या रविवारी फोन केला. तिकडची दुपार होती. आई म्हणाली, स्कूटर बाजारापर्यंतच नेतात, टोमॅटोवाला लांबूनच हात करून गाडी बाजूला घेतो. मागे टीव्ही मोठ्याने चालू होता.

"बाबा कुठेत?" मी विचारलं. "झोपलेत?"

"छे," आई म्हणाली. "पडलेत."

टीव्हीच्याही वर, एक लाट, दुसरी लाट, मग पोकळी, असा बार्शी पद्धतीचा जागेपणा मला स्पष्ट ऐकू येत होता.